तिळवणीचं कुल कोणतं, वंश कोणता आणि लेबलावर काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवून दाबलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, घराजवळच्या पडीक जागेतून पिवळी तिळवण आणली. जुन्या पुस्तकात तिचं कुल कॅपरिडेसी दिलंय, मोबाइलच्या अ‍ॅपवर क्लिओमेसी आणि एका संकेतस्थळावर चक्क ब्रॅसिकेसी, म्हणजे मोहरीचं कुल. नावाचीही तीच तऱ्हा: क्लिओम व्हिस्कोजा, पोलॅनिसिया आयकोसँड्रा, अरिव्हेला व्हिस्कोजा, कोरिनँड्रा व्हिस्कोजा. यातलं बरोबर कोणतं? शिवाय तिथेच पांढऱ्या फुलांचं एक आणि फिक्या जांभळ्या फुलांचं एक अशी आणखी दोन झाडं मिळाली, ती याच कुलातली का?

वरवर हा एकच प्रश्न दिसतो, पण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. हे झाड कोणतं, म्हणजे जाती कोणती? ती जाती कोणत्या वंशात घालायची? आणि तो वंश कोणत्या कुलात? (जवळच्या जातींचा गट म्हणजे वंश, जवळच्या वंशांचा गट म्हणजे कुल.) पहिल्याबद्दल कुणाचं दुमत नाही. तुम्ही दिलेली चारही नावं एकाच झाडाची आहेत. तिसऱ्याचा निकालही लागलेला आहे. भांडण उरलंय ते मधल्या पायरीवर, वंशाच्या नावावर. त्यामुळे 'सगळंच बदलत राहतं, काय खरं मानायचं' असं वाटून घेऊ नका. (वृत्तपत्रांत 'प्रजाती' हा शब्द वंशालाही वापरतात आणि जातीलाही, म्हणून इथे तो मुद्दाम टाळलाय.)

कुलापासून सुरुवात करू. बेंथम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात सपुष्प वनस्पतींची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यावर आपल्याकडचे बहुतेक अभ्यासक्रम अजून चालतात. कुकचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ मध्ये निघाला, तोही त्याच वळणाचा. त्या मांडणीत तिळवण वाघाटी आणि वायवर्णाबरोबर कॅपरिडेसी या एका कुलात बसते. मराठी पुस्तकांत त्यालाच वरुण कुल म्हणतात. मोहरीचं कुल शेजारी, आणि दोन्ही 'परायटेलीज' या गटात, कारण बिया अंडाशयाच्या मधोमध नसून भिंतीला चिकटलेल्या असतात. याच खुणेमुळे अफूचं कुलही त्या गटात होतं. एका खुणेवर किती भरवसा ठेवायचा ते यावरून समजतं, कारण आज अफू मोरवेलीच्या बाजूला गेली आहे आणि मोहरीशी तिचा जवळचा संबंध उरलेला नाही.

आता या जुन्या कुलात चुकलं कुठे? हॉल, सिट्स्मा आणि इल्टिस यांनी २००२ साली हरितलवकातल्या (पेशीतल्या हिरव्या कणांतल्या) डीएनएची तुलना करून दाखवलं की तिळवणीचा गट वाघाटीपेक्षा मोहरीला जवळचा आहे. घरातल्या भाषेत सांगायचं तर तिळवण आणि मोहरी सख्ख्या बहिणी, वाघाटी त्यांची चुलत बहीण. जुन्या मांडणीत एका सख्ख्या बहिणीला चुलत घराचं आडनाव दिलं होतं आणि दुसरीचं बिऱ्हाड वेगळं मांडलं होतं. हे नात्याला धरून नाही. मग दोनच रस्ते उरतात: तिघींना एकाच आडनावाखाली घ्यायचं, नाहीतर तिघींना तीन आडनावं द्यायची.

दोन्ही करून झालं आहे. अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप, म्हणजे ए.पी.जी., या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने १९९८ आणि २००३ च्या मांडण्यांत पहिला रस्ता धरला आणि तिन्हींचं एकच मोठं ब्रॅसिकेसी केलं. तुमच्या त्या संकेतस्थळाने हीच मांडणी उचललेली आहे, ते अगदीच चूक नाही, शिळं आहे. २००९ च्या तिसऱ्या मांडणीत दुसरा रस्ता स्वीकारला गेला: वाघाटी-वायवर्णाचं कॅपरेसी, तिळवणीचं क्लिओमेसी आणि मोहरी-मुळा-कोबीचं ब्रॅसिकेसी. २०१६ च्या चौथ्या मांडणीनेही तेच कायम ठेवलं. क्लिओमेसी हे नाव काही नवं काढलेलं नाही. ते १८२५ सालचं आहे, मधल्या काळात कुणी फारसं वापरत नव्हतं एवढंच. 'कॅपरिडेसी' आणि 'कॅपरेसी' हा मात्र निव्वळ स्पेलिंगचा फरक आहे, आज कॅपरेसी लिहायचं.

आकाराने पाहिलं तर मोहरीच्या कुलात सुमारे चार हजार जाती आहेत आणि तिळवणीच्या कुलात सुमारे पावणेतीनशे. त्यातल्या बहुतेक वर्षायू औषधी वनस्पती, म्हणजे मऊ खोडाच्या, एका हंगामात उगवून बी धरून वाळणाऱ्या. (औषधी हा शब्द इथे 'खोडाला लाकूड न होणारी' या शास्त्रीय अर्थाने घ्या.)

डीएनए तुमच्या हातात नाही, पण ही तीन कुलं वेगळी का मानायची हे शेंग उघडून दिसतं. तिळवणीची पिकून पिवळट झालेली, पण अजून न फुटलेली एक शेंग घ्या आणि मोहरीची एक वाळकी शेंग घ्या. मोहरीच्या शेंगेच्या दोन्ही सालपटांना नखाने खालून वर उचला. ती सुटतात आणि मधे एक चौकट राहते. चौकटीवर पांढरा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा ताणलेला असतो आणि दोन्ही बाजूंनी बियांचे ठसे उमटलेले दिसतात. आता तिळवणीची शेंग. ती टोकाकडून उलगडते. सालपटं अलगद बाजूला केली की इथेही दोऱ्यासारखी बारीक चौकट राहते आणि तिच्या कडांना बिया लटकलेल्या असतात. पण चौकट उजेडात धरा, आरपार दिसतं, कारण मधला पडदाच नाही. चौकट आहे, पडदा नाही, हे क्लिओमेसीचं घर. चौकट आणि पडदा दोन्ही असतील तर ब्रॅसिकेसी. वाघाटीच्या फळात यातलं काहीच सापडत नाही. ते गरात बिया रुतलेलं, न फुटणारं फळ असतं आणि आषाढी द्वादशीला ज्यांच्या घरी वाघाट्याची भाजी होते त्यांनी ते चिरून पाहिलेलंच असेल.

बी भिंगाखाली पाहायला विसरू नका. तिळवणीचं बी जेमतेम दीड मिलिमीटरचं, वाकून दोन्ही टोकं जवळ आणलेलं, घोड्याच्या नालासारखं, आणि पाठीवर आडव्या बारीक वळ्या असतात. फुलात चार निदलं (पाकळ्यांबाहेरची हिरवी दलं) आणि चार पाकळ्या हे तिन्ही कुलांत सारखं, त्यावर काही ठरत नाही. पुंकेसर मात्र मोजा आणि मापा. मोहरीत सहा असतात, चार लांब आणि दोन आखूड. तिळवणीच्या कुलात सहा असले तर ते साधारण एका लांबीचे असतात, किंवा मग सहाहून जास्त असतात. चारही पाकळ्या फुलाच्या एका बाजूला वर कलल्यासारख्या दिसतात, मोहरीसारखा सरळ क्रूस होत नाही. आणि पान: तिळवणीत बहुधा पंजासारखं संयुक्त, तीन, पाच किंवा सात पर्णिकांचं. 'बहुधा' म्हणायचं कारण साध्या पानांच्या जातीही आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

वास ही तिन्ही कुलांना जोडणारी खूण आहे. पान चुरगळलं की जो उग्र, नाकात चढणारा दर्प येतो तो गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट द्रव्यांमुळे. पेशी फुटली की मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) त्यांच्यावर काम करतं आणि मोहरीचा झणका तयार होतो. पपई आणि शेवगाही याच मोठ्या गणातले आहेत, म्हणून पपईचं बी चावलं की मोहरीसारखं लागतं. गढवालमध्ये पिवळ्या तिळवणीचं बी 'जखिया' म्हणून फोडणीत घालतात. फुलपाखरांनाही हे नातं पक्कं ठाऊक आहे: सायकी नावाचं छोटं पांढरं फुलपाखरू तिळवणीच्या जातींवरही अंडी घालतं आणि वाघाटी-वायवर्णावरही.

आता वंश. इथे थोडा संयम लागेल.

लिनियसने १७५३ साली क्लिओम हा वंश मांडला आणि पुढे दोनशे-अडीचशे वर्षं जगभरच्या बहुतेक तिळवणी त्यातच ढकलल्या गेल्या. त्याने त्याच ग्रंथात आपल्या पिवळ्या तिळवणीला दोन नावं दिली होती, व्हिस्कोजा म्हणजे चिकट आणि आयकोसँड्रा म्हणजे वीस पुंकेसरांची. नंतर लक्षात आलं की झाड एकच आहे. तुमच्या यादीतलं पोलॅनिसिया आयकोसँड्रा हे नाव त्या दुसऱ्या नावावरून आलेलं आहे. पोलॅनिसिया हा वंश आज फक्त उत्तर अमेरिकेतल्या जातींपुरता राहिलाय, म्हणून ते नाव सोडून द्या.

उरले क्लिओम, अरिव्हेला आणि कोरिनँड्रा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत डीएनएवरून कुलाचा वंशवृक्ष नीट उभा राहिला, तेव्हा दिसलं की क्लिओम म्हणून जे एकत्र केलं होतं ते अनेक वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेलं आहे. अशा वेळी नियम असा: वंशाचं नाव त्याच्या आदर्श जातीबरोबर, म्हणजे ते नाव जिच्याशी कायमचं बांधलेलं असतं त्या जातीबरोबर, राहतं. क्लिओमची आदर्श जाती ऑर्निथोपोडिऑइडिस ही भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातली आहे. त्यामुळे वंश फोडला की 'क्लिओम' हे नाव तिच्या फांदीवर जातं आणि महाराष्ट्रातल्या ओळखीच्या तिळवणींना दुसरं घर शोधावं लागतं. यात कुणाचा हट्ट नाही, नाव देण्याचे नियमच तसे आहेत.

पिवळ्या तिळवणीसाठी राफिनेस्क या वनस्पतिशास्त्रज्ञाचा अरिव्हेला हा वंश १८३८ पासून उपलब्ध होता. हे नाव मल्याळम् 'अरियवेला' वरून घेतलेलं आहे. व्हॅन ऱ्हीडच्या 'हॉर्टस मलबारिकस' या सतराव्या शतकातल्या ग्रंथात ते छापलं गेलं. मग २०१४ साली कॉक्रेन आणि इल्टिस यांनी दाखवून दिलं की कोरिनँड्रा हे वंशनाव १८२७ चं, म्हणजे अरिव्हेलाच्या आधीचं आहे. दोन्ही गट एकच मानले तर जुनं नाव चालतं, म्हणून झाडाचं नाव झालं कोरिनँड्रा व्हिस्कोजा. पुन्हा २०१७ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या तिळवणींवर एक शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञही आहेत. त्यांनी अरिव्हेला आणि कोरिनँड्रा हे दोन स्वतंत्र वंश धरले. त्या हिशेबाने पिवळी तिळवण परत अरिव्हेला व्हिस्कोजा झाली.

म्हणजे पहा, या नावांमागे 'झाड कोणतं' हा वाद नाहीच. दोन फांद्यांमध्ये वंशाची रेघ कुठे मारायची एवढाच प्रश्न आहे. रेघ एका ठिकाणी मारली की एक नाव नियमाने बरोबर ठरतं, दुसऱ्या ठिकाणी मारली की दुसरं. मला २०१७ ची मांडणी पटते, कारण ती आपल्या भागातले नमुने घेऊन केलेली आहे. क्लिओम व्हिस्कोजा लिहिणारा वनस्पतिशास्त्रज्ञ चुकतोय असं मात्र मी म्हणणार नाही. तो वंश मोठा धरतोय, इतकंच.

एक सावधगिरी. कोरिनँड्रा या नावाचा अर्थ 'गदेसारखे पुंकेसर असलेली', कारण तिच्या जातींत केसरतंतू परागकोशाच्या खाली फुगलेले असतात. हे वाचून काहीजण भिंग घेऊन फुगवटी शोधतात आणि दिसली की कोरिनँड्रा लिहून मोकळे होतात. पिवळ्या तिळवणीच्याही आखूड पुंकेसरांना थोडी फुगवटी असते. त्या एका खुणेवर वंश ठरवू नका.

तर लेबलावर काय? ते लेबल कुणासाठी आहे यावर अवलंबून आहे. परीक्षेसाठी जमा करायचं असेल आणि अभ्यासक्रम बेंथम-हूकरचा असेल, तर कुलासमोर कॅपरिडेसी लिहा आणि पुढे 'बेंथम व हूकर यांच्या मांडणीनुसार' असं स्पष्ट लिहा. त्याखाली 'ए.पी.जी. चार, २०१६: क्लिओमेसी' अशी दुसरी ओळ द्या. परीक्षकाला दोन्ही दिसलं की गुण कापायला जागा राहत नाही. कॉलेजच्या कायमच्या संग्रहासाठी असेल तर नमुना ज्या फोल्डरमध्ये जाणार तिथली पद्धत पाळा. संग्रह क्लिओमच्या नावाने लावलेला असेल आणि तुमचा एकच कागद अरिव्हेलाच्या फोल्डरमध्ये गेला, तर पुढच्या माणसाला तो सापडणार नाही. अशा वेळी नाव क्लिओम व्हिस्कोजा लिहून खाली समनाम (त्याच झाडाचं दुसरं शास्त्रीय नाव) म्हणून अरिव्हेला व्हिस्कोजा द्यायचं. स्वतःची यादी किंवा परिसराची सूची करत असाल तर अरिव्हेला व्हिस्कोजा लिहा आणि सूचीच्या सुरुवातीला एकदाच सांगा की वंश कोणत्या मांडणीप्रमाणे घेतलेत. चालणार नाही ती एकच गोष्ट: एकाच यादीत एक जाती फोडलेल्या वंशाखाली आणि दुसरी एकत्रित क्लिओमखाली.

नावानंतर लेखकाचं संक्षिप्त नाव येतं, ते गाळू नका. क्लिओम व्हिस्कोजा एल. यातला 'एल.' म्हणजे लिनियस. अरिव्हेला व्हिस्कोजा (एल.) राफ. यात लिनियस कंसात गेला, कारण जातीचं मूळ नाव त्याचं आणि या वंशात ते आणणारा राफिनेस्क. कंस हा शोभेचा नाही. तो दिसला की समजायचं, या जातीने घर बदललेलं आहे. लेबलावर ही शास्त्रीय नावं रोमन लिपीतच लिहायची, वंश आणि जाती तिरक्या अक्षरांत किंवा अधोरेखित, लेखकाचं नाव साधं.

स्थानिक नावही लिहा, पण त्याच्यावर ओळख टेकवू नका. तिळवणीला काही भागांत कानफुटी म्हणतात आणि तेच नाव फुग्यांच्या वेलीलाही आहे, जिला आपण कपाळफोडी म्हणतो. दोघींचा काडीचा संबंध नाही. तिळाशीही तिळवणीचं नातं नाही, तीळ पूर्णपणे वेगळ्या कुलातला. आणि नावावरून कुणी पानांचा रस कानात घालायला सांगितलं तर घालू नका, तो जळजळ करणारा आहे.

आता तुमची तीन झाडं.

पिवळी: झाड गुडघ्यापासून कमरेपर्यंत, अंगभर ग्रंथींची लव, हाताला चिकट, वास उग्र. पर्णिका खालच्या पानांत पाच, वर तीन. पाकळ्या साधारण एक सेंटिमीटरच्या. पुंकेसर १० ते २५ च्या दरम्यान, एकाच झाडावरच्या दोन फुलांतही संख्या बदलते, म्हणून तीन-चार फुलं मोजून कमाल-किमान लिहा. अंडाशयाला दांडा नाही, ते फुलाच्या तळाशीच बसलेलं. शेंग उभी, चिकट, उभ्या रेघांची, ३ ते १० सेंटिमीटर. हे सगळं जुळलं तर शंका नको. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पानलवंग: ओल्या जागेतलं झाड, चार पिवळ्या पाकळ्या, लांब शेंगेसारखं फळ. फरक एका नजरेत कळतो. पानलवंगेची निदलं फळाच्या टोकावर टिकून राहतात, कारण तिचं अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतं. पानही साधं असतं.

पांढरी: जुन्या पुस्तकांतली गायनँड्रॉप्सिस पेंटाफायला, आताची गायनँड्रॉप्सिस गायनँड्रा (एल.) ब्रिक. लिनियसने १७५३ मध्ये गायनँड्रा म्हटलं होतं, दहा वर्षांनी स्वतःच पेंटाफायला केलं. आधीचं नाव टिकतं म्हणून गायनँड्रा. तिच्या फुलाला पाकळ्यांच्या वर एक जांभळट दांडा निघतो, साधारण एक ते दोन सेंटिमीटरचा. सहा पुंकेसर त्या दांड्याच्या टोकाला फुटतात, तळापासून नाही. त्याच्याही पुढे अंडाशय स्वतःच्या देठावर. फूल हातात धरून पाकळ्या खाली ओढा, पुंकेसर पाकळ्यांबरोबर येत नाहीत, वर दांड्यावरच राहतात. ही खूण इतकी पक्की आहे की तिच्या वंशाबद्दल फारसा वादही होत नाही. आफ्रिकेत ही पालेभाजी म्हणून मुद्दाम लावतात. तिच्यात मक्याप्रमाणे सी-चार पद्धतीचं प्रकाशसंश्लेषण होतं, म्हणून कडक उन्हात ती तरारून वाढते. पिवळीत ते नाही.

फिकी जांभळी: इथे फोटोशिवाय नक्की सांगणं धाडसाचं आहे, कारण उमेदवार तीन-चार आहेत. पर्णिका तीन, खोड मऊ आणि जमिनीलगत पसरणारं, पुंकेसर सहा, आणि मधल्या दोन पाकळ्यांवर फिकट पिवळसर पट्टा असेल तर ती रुटिडोस्पर्मा. मूळची आफ्रिकेतली, कुंड्या, फरशीच्या फटी आणि बागांत तण म्हणून येणारी. जुन्या वनस्पतिकोशांत ती तुम्हाला सापडणार नाही, त्यामुळे त्यांतली ओळखीची किल्ली (खुणा जुळवत नावापर्यंत नेणारा तक्ता) वापरून लोक भलत्याच जातीवर पोहोचतात. २०१७ नंतरच्या मांडणीत तिचा वंश सिएरुएला. पान साधं आणि पुंकेसर सहाच असतील तर मोनोफायला, तीही सिएरुएलात गेली आहे. पान साधं पण पुंकेसर सहापेक्षा बरेच जास्त असतील तर सिम्प्लिसिफोलिया. आणि काळ्या ओलसर रानात, बांधावर, संयुक्त पानांची, गडद गुलाबी फुलांची, भरपूर पुंकेसरांची असेल तर चेलिडोनाय. शेवटच्या दोन कोरिनँड्रातल्या. बागेतून आणलेली असेल, कमरेइतकी उंच, पानाच्या तळाशी काटे आणि मिशांसारखे लांब पुंकेसर, तर ती दक्षिण अमेरिकेतली शोभेची जाती. रोपवाटिकेत तिला सरसकट स्पिनोजा म्हणतात आणि ते बऱ्याचदा चुकीचं असतं. तिचा वंश टॅरेनाया.

म्हणजे तुमची तिन्ही झाडं क्लिओमेसीतलीच असण्याची शक्यता दाट आहे, पण फोडलेल्या मांडणीत ती तीन वेगळ्या वंशांत पडतील.

नमुना तयार करताना तिळवण इतर झाडांपेक्षा जास्त त्रास देते, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. सकाळी ९-१० च्या आत गोळा करा, ऊन चढलं की पाकळ्या मिटतात आणि वाहून आणताना गळतात. मुळासकट उपटा, आणि फूल व पिकलेली शेंग दोन्ही असलेलं झाड निवडा. नुसत्या फुलाचा नमुना वंश ठरवायला अर्धाच उपयोगी. पिवळी तिळवण कागदाला चिकटते आणि सोडवताना लव, पाकळ्या सगळं कागदावर राहतं. म्हणून तिच्या खाली-वर मेणकागद किंवा पातळ बटर पेपर ठेवा आणि मगच वर्तमानपत्रात घाला. पहिले तीन दिवस वर्तमानपत्र रोज बदला, मेणकागद बदलू नका. पावसाळी हवेत एक दिवस चुकला तरी पानं काळी पडतात. दोन-तीन फुलं सोडवून, पुंकेसर आणि अंडाशय सुटे करून, वेगळ्या कागदात दाबा. पाकळ्यांचा रंग वाळल्यावर उडतो, तो त्याच दिवशी वहीत लिहा: ताज्या फुलाचा रंग, दांडा आहे की नाही, पुंकेसर किती, चिकटपणा, वास. बिया कागदी पाकिटात घालून शीटलाच चिकटवा.

जुन्या पद्धतीत नमुना मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवायला सांगतात. ते जहाल विष आहे, घरी किंवा वर्गात करू नका. पूर्ण वाळलेला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांना आठवडाभर ठेवला की किडे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कागदावर दव धरतं आणि बुरशी येते. शीट २८ बाय ४२ सेंटिमीटरची, लेबल खालच्या उजव्या कोपऱ्यात. पुढे कुणी वंशाचं नाव बदललं तर तुमचं लेबल खोडायचं नाही, त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत नवी चिठ्ठी चिकटवायची, नाव, तारीख आणि ठरवणाऱ्याच्या सहीसह. जुन्या शीटवर अशा तीन-तीन चिठ्ठ्या दिसतात.

वाळलेल्या फुलावरून पुंकेसर मोजायचे राहिले असतील तर फूल पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून दोन-तीन मिनिटं उकळा. ते मऊ होऊन उलगडतं, मग सुईने सोडवा. फिक्या जांभळीचं तुम्ही एवढं करून पुंकेसरांची संख्या, पानाचा फोटो आणि एका बियेचा भिंगातून काढलेला फोटो टाका. बियेच्या खाचेत पांढरा मांसल ठिपका दिसतो का तेवढं खास पाहा. मुंग्या त्या ठिपक्यासाठी बी ओढून नेतात, आणि तो असेल तर बहुतेक रुटिडोस्पर्माच.